सशांना सातबारा ठाऊक नसतो

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेले भाषण)



ज्याची जमीन, तोच तिची निगा राखील, असे खाजगी मालकीचे समर्थक सांगत असतात. ऑस्ट्रेलियातील शेतीच्या इतिहासाने हा सिद्धांत कसोटीला लावला आहे.

१८५९ साली व्हिक्टोरिया वसाहतीत थॉमस ऑस्टिन या बड्या जमीनदाराने शिकारीच्या हौसेपायी इंग्लंडहून आणलेले ससे रानात सोडले. त्या हौसेची किंमत पुढच्या पिढ्यांतील शेतकऱ्यांनी मोजली. सशांना सातबारा ठाऊक नसतो. एकाने आपल्या रानातील बिळे मोडली आणि शेजाऱ्याने तशीच ठेवली, तर सगळे श्रम वाया जातात. तणाचे बी ओढ्याच्या पाण्याबरोबर खाली जाते. वरच्या अंगाची झाडे तोडली की भूजलाची पातळी चढते आणि खालच्या शेतात क्षार फुटतो. नफा एकाच्या पदरात व नुकसान दुसऱ्याच्या माथी, असा हा व्यवहार आहे. बाजारपेठेजवळ त्यावर उत्तर नाही.

उत्तर संघटनेतून आले. १९८६ साली मजूर पक्षाच्या मंत्री जोन कर्नर आणि व्हिक्टोरियाच्या शेतकरी महासंघाच्या अध्यक्षा हेदर मिचेल यांच्या पुढाकाराने लँडकेअर चळवळ उभी राहिली. पहिला गट सेंट आरनॉडजवळ विन्जॅलॉक येथे स्थापन झाला. शेजाऱ्यांनी एकाच हंगामात बिळे मोडायची, बी धरण्यापूर्वी तण काढायचे, ओढ्याकाठी कुंपण घालून गुरे बाहेर ठेवायची आणि तेथे देशी झाडे लावायची, अशी या गटांच्या कामाची रीत आहे. शेतकरी महासंघ व पर्यावरणवादी संस्था यांनी एकत्र येऊन मागणी केली, तेव्हा १९८९ साली बॉब हॉक सरकारने 'लँडकेअर दशक' घोषित करून ३२ कोटी डॉलरांहून अधिक निधीचे आश्वासन दिले.

येथे एक धोका ओळखला पाहिजे. लोक स्वेच्छेने राबतात म्हटल्यावर सरकारला आपला हात आखडता घेण्याचा मोह होतो. शिवाय जो जमीनमालक गटात येतच नाही, त्याला स्वयंसेवक काय करणार? तेथे कायदाच हवा. व्हिक्टोरियाच्या १९९४ च्या पाणलोट व भूमिसंरक्षण कायद्याने ठरावीक तणे व उपद्रवी प्राणी यांचा बंदोबस्त करणे हे मालकाचे कर्तव्य ठरविले. लोकांचे श्रम, सरकारचा पैसा आणि कायद्याचा धाक या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या, तरच हे काम टिकते.

आपल्याकडे १९५० च्या दशकात पुण्यात आढळलेले गाजरगवत आज गावोगाव पसरले आहे. क्वीन्सलंडच्या कुरणांनाही त्याने ग्रासले आहे. श्रमदानाची परंपरा आपल्याला नवी नाही. गवत फुलण्यापूर्वी शिवारभर श्रमदान करा. मात्र त्याच आठवड्यात ग्रामसभेत उभे राहून पडीक सरकारी जमिनीची आणि गावाबाहेर राहणाऱ्या मालकांच्या रानांची जबाबदारी कोणाची, हेही विचारा. कुदळ हाती घेतली म्हणून हक्काची मागणी खाली ठेवण्याचे कारण नाही.