मुक्काम बदलला तरी पेठ सापडावी

(शिंदे की छावनी, ग्वाल्हेर येथे शिक्षक व नागरिकांसमोर झालेल्या भाषणाचा मजकूर)



या वस्तीच्या नावातच तिचा इतिहास साठविलेला आहे. १८१० साली दौलतराव शिंदे यांचा तळ ग्वाल्हेरच्या किल्ल्याजवळ स्थिरावला व त्यातूनच लष्कर हे शहर उभे राहिले. तत्पूर्वी ही छावणी फिरती होती. तिच्यासमवेत असलेल्या ब्रॉटन या इंग्रज अधिकाऱ्याने १८०९ सालच्या आपल्या पत्रांत तिची व्यवस्था वर्णिली आहे. बिनीवाले पुढे जाऊन महाराजांच्या देवडीच्या जागी पांढरे निशाण रोवीत आणि प्रत्येक बाजाराचे निशाण त्यापासून ठरलेल्या बाजूसच लागे. मुक्काम नवा असला तरी पेठेची जागा ठरलेली असे.

संगणकाच्या आज्ञावलीस आज हीच शिस्त अगत्याची आहे. मोठी आज्ञावली एका फाइलीत मावत नाही. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत डेनिस रिची यांनी १९७२ च्या सुमारास घडविलेल्या सी भाषेत समाईक व्याख्या स्वतंत्र फाइलीत ठेवून 'इन्क्लूड' या आज्ञेने मागविता येतात. त्यामुळे दुरुस्ती एकाच ठिकाणी करावी लागते. मात्र ती फाइल कोठे आहे, हे यंत्रास सांगावे लागते आणि अडचण उद्भवते ती येथेच.

विद्यार्थी पुष्कळदा आपल्याच संगणकावरील संपूर्ण पत्ता लिहून ठेवतो. घरी विंडोजवर काम चालते. शाळेतील लिनक्सवर फाइल सापडत नाही. याची कारणे तीन. पहिले, लिनक्समध्ये कप्प्यांची नावे सुलट्या तिरप्या रेघेने जोडतात, तर विंडोजमध्ये उलट्या रेघेची प्रथा आहे. १९८३ साली डॉसच्या दुसऱ्या आवृत्तीत कप्पे आले, तेव्हा सुलटी रेघ आज्ञांच्या पर्यायांसाठी आधीच वापरात होती. दुसरे, लिनक्स इंग्रजी मोठी व लहान अक्षरे भिन्न मानते. विंडोज सामान्यतः मानीत नाही. तिसरे, बाहेरून आणलेली पॅकेजे प्रत्येक यंत्रावर निराळ्या जागी बसतात.

उपाय खर्चाचे नाहीत. पत्ता प्रकल्पाच्या मूळ कप्प्यापासून मोजावा. रेघ सुलटीच वापरावी. विंडोजवरील सी भाषेची साधनेही ती स्वीकारतात. फाइलींची नावे लहान अक्षरांत ठेवावीत. स्वतःच्या फाइली अवतरणचिन्हांत व बाहेरच्या कोनी कंसांत मागवाव्यात. पॅकेजांच्या जागा आज्ञावलीत न लिहिता सीमेकसारख्या साधनाकडे सोपवाव्यात.

हा प्रश्न केवळ विद्यार्थ्यांचा नाही. कार्यालयातील यंत्र जुने होते, कर्मचाऱ्याची बदली होते. पत्ते त्या एकाच यंत्राशी जखडलेले असतील, तर वर्षानुवर्षांचे काम नव्या यंत्रावर उघडत नाही आणि दाखल्यासाठी आलेल्या ग्रामस्थास रिकाम्या हाताने परतावे लागते. म्हणून शिक्षकांनी विद्यार्थ्याचे काम दुसऱ्या यंत्रावर चालवून पाहिल्यावरच ते पूर्ण झाले असे मानावे. कार्यालयांनीही हाच नियम पाळावा.