धर्मोपदेश, सत्ताधीश आणि तेलाचा हिशोब



११ एप्रिल २०१९ रोजी व्हॅटिकनमध्ये एक विलक्षण घटना घडली. दोन दिवसांच्या अध्यात्मशिबिरासाठी आलेल्या दक्षिण सुदानच्या नेत्यांपुढे वयाची ऐंशी ओलांडलेले पोप फ्रान्सिस गुडघे टेकून वाकले आणि राष्ट्राध्यक्ष साल्वा कीर व त्यांचे प्रतिस्पर्धी रिएक माचार यांच्या पायांचे त्यांनी चुंबन घेतले. कीर कॅथलिक, माचार प्रेस्बिटेरियन. शिबिराची कल्पना कँटरबरीच्या आर्चबिशपांची. निरोपाला प्रत्येकाच्या हाती बायबल देण्यात आले.

पुढे काय झाले? मे २०१९ मध्ये व्हावयाचे संयुक्त सरकार फेब्रुवारी २०२० पर्यंत रखडले. मार्च २०२५ मध्ये माचार नजरकैदेत गेले. सप्टेंबरात त्यांच्यावर देशद्रोहाचा आरोप ठेवण्यात आला.

हे सारे ढोंग म्हणून हसण्यावारी नेणे सोपे आहे, आणि विवेकवादी मंडळींचा कल बहुधा तिकडेच असतो. परंतु इतिहासाची साक्ष निराळी आहे. १९७२ चा आदिस अबाबा करार जागतिक चर्च परिषद व अखिल आफ्रिका चर्च परिषद यांच्याच मध्यस्थीने झाला, आणि सुदानला अकरा वर्षांची शांतता लाभली. ती का मोडली? १९७८ मध्ये दक्षिणेत बेंतिऊजवळ तेल सापडले. ते दक्षिणेच्या हाती राहू द्यावयाचे नव्हते. १९८३ मध्ये नुमेरींनी दक्षिणेची स्वायत्तता मोडीत काढली व इस्लामी कायदा लादला. (२००३ मध्ये तेथील तेलप्रकल्पात भारताच्या सरकारी तेलकंपनीनेही २५ टक्के हिस्सा घेतला, हेही ध्यानात असू द्यावे.)

याहून बोधप्रद उदाहरण वुनलितचे. १९९१ मध्ये माचार गारंगांपासून फुटले आणि दिंका व नुएर या जमाती एकमेकींच्या जिवावर उठल्या. १९९९ मध्ये चर्च परिषदेने दोन्ही जमातींचे मुखिया वुनलित गावी जमविले. प्रार्थना झाल्या, जमातींच्या रिवाजाप्रमाणे पांढऱ्या बैलाचा बळीही दिला गेला. पण दिवसेंदिवस तक्रारींचे वाचनही चालले, आणि चराऊ कुरणे, पाणवठे, पळविलेल्या बायकामुलांची परतफेड यांविषयी ठराव झाले. त्या भागातील गुरांची लूट त्यानंतर बरीच ओसरली. धर्माने माणसे एकत्र बसविली. शांतता टिकविली ती गवताच्या आणि पाण्याच्या वाटणीने.

जुबाच्या नेत्यांपाशी अशी वाटणी कोणी मागितली? सरकारचे जवळजवळ सारे उत्पन्न तेलाचे. तेथे मंत्रिपद म्हणजे तेलाच्या पैशावर हात, आणि तो सुटला की बंदूक. डिसेंबर २०१३ मध्ये पेटलेल्या यादवीने, २०१८ च्या एका अभ्यासाच्या अंदाजानुसार, सुमारे ३ लाख ८३ हजार बळी घेतले. अशा माणसांना केवळ क्षमेचा पाठ देणे म्हणजे सावकाराला दयाधर्म शिकवून खतावणी त्याच्याच कुलुपात ठेवणे.

२०१८ च्या शांतता करारात तेलाचा महसूल व आर्थिक कारभार यांवर स्वतंत्र प्रकरण आहे. पुढचे शिबिर भरेल तेव्हा बायबलसोबत तेही नेत्यांच्या हाती द्यावे, आणि शिकविण्यासाठी वुनलितचे मुखिया बोलवावेत.