वही जाळावी की उघडावी?



अधिकार गाजवताना छाती पुढे काढायची आणि जाब विचारला की "वरून हुकूम आहे" म्हणून अंग काढून घ्यायचे, अशी माणसे आपणां सर्वांच्या ओळखीची आहेत. त्यांच्याविरुद्ध गाऱ्हाणे मांडावे कसे, हे सुप्याच्या इतिहासावरून पाहण्यासारखे आहे.

आज बारामती तालुक्यात असलेले सुपे तेव्हा भीमथडी तालुक्यात होते. १२ मे १८७५, बाजाराचा दिवस. जमलेल्या कुणब्यांनी सावकारांच्या दुकानांवर आणि घरांवर चाल केली, वह्या व कर्जरोखे बाहेर ओढून जाळले. हे लोण पुढे पुणे आणि तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यांत पसरले.

राग कागदांवरच का? १८५९ च्या कायद्याने रोख्याची मुदत तीन वर्षे ठरली होती. सावकाराने त्यातूनच वाट काढली. मुदत भरत आली की थकलेले व्याज मुद्दलात घालून नवा रोखा लिहायचा. निरक्षर कुळ खाली नांगराची निशाणी करी. भरलेल्या पैशाची पावती मात्र अनेकदा मिळतच नसे. कुळ कोर्टात हजर नसले की एकतर्फी हुकूमनामा! त्यातच १८६५ साली अमेरिकेतले यादवी युद्ध संपून कापसाचा भाव घसरला आणि नव्या आकारणीने सारा वाढला.

दाद मागावी कोणाकडे? सावकार हुकूमनाम्याकडे बोट दाखवी, कोर्ट रोख्यावरच्या निशाणीकडे, महसूल खाते ठरलेल्या आकारणीकडे. सत्ता तिघांच्या हाती, जबाबदारी मात्र कोणाचीच नाही!

वह्या जळाल्या, पण शेकडो शेतकरी पकडले गेले. सरकारने चौकशी-मंडळ नेमले. १८७६ साली त्याचा अहवाल निघाला आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा झाला. कोर्टाने नुसता रोखा न पाहता व्यवहार मुळापासून तपासावा, सावकाराने पावती द्यावी, हिशेब दाखवावा, असे त्यात ठरले. जी वही सुप्यात जाळली गेली, तीच आता उघडून दाखवणे भाग पडले. सावकारांनी गहाणाऐवजी खरेदीखते लिहून घेऊन पळवाट शोधली, हेही खरे. म्हणून नुसता कायदा पुरत नाही. त्यावर पहारा लागतो.

आज आपल्या हाती २००५ चा माहिती अधिकार आहे, ग्रामसभा आहे. तेव्हा पारावर बसून शिव्या देण्यापेक्षा चार प्रश्न लिहून विचारावेत: हुकूम कोणाचा? कोणत्या तारखेचा? कोणत्या नियमाने? सही कोणाची? अर्जाची पोच घ्यावी आणि ती जपून ठेवावी. शिवी ऐकून निर्ढावलेला अधिकारी हसतो. सही कोणाची असे विचारताच तो फाइल शोधू लागतो.

ज्या १८७५ साली सुप्यात वह्या पेटल्या, त्याच साली पुण्यात न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकाराने वसंत व्याख्यानमाला सुरू झाली. चारचौघांत उभे राहून बोलण्याची ही सवय आपण सोडू नये, एवढीच विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.