हौशी खेळकर्त्यांची हत्यारे



संगणकावरचे खेळ रचणाऱ्या हौशी मंडळींविषयी कामगार चळवळीतल्या माणसाने काय बोलावे, असे आपल्यापैकी काहींच्या मनात आले असेल. पण आमचा सारा जन्म एकाच प्रश्नात गेला आहे: हत्यार कुणाचे? सुताराचा रंधा सुताराचा असतो; गिरणीतला साचा साचेवाल्याचा कधीच नव्हता. कचेरीतून आल्यावर रात्री दोन तास खेळ रचीत बसणाऱ्या तरुणाने आपण या दोहोंपैकी कोण, हे आरंभीच पाहावे.

या कामातल्या मुख्य हत्याराला इंजिन म्हणतात. चित्र पडद्यावर आणणे, उडी मारलेला गडी खाली आणणे, दोन वस्तू आपटल्या हे ओळखणे, ही सारी हमाली ते करते. युनिटी हे असेच एक फार वापरातले इंजिन. १२ सप्टेंबर २०२३ रोजी त्या कंपनीने जाहीर केले की, १ जानेवारी २०२४ पासून, ठरावीक मर्यादेपुढे, खेळ नव्याने बसवला जाईल त्या प्रत्येक वेळी पैसे आकारू. सर्वांत खालची मर्यादा वर्षाला दोन लाख डॉलर उत्पन्न आणि एकूण दोन लाख वेळा बसवणे, अशी होती. म्हणजे बहुतेक हौशी माणसांच्या खिशाला झळ नव्हती, हे मान्य केले पाहिजे. तरी लोक खवळले, आणि आमच्या मते रास्तच खवळले. वर्षानुवर्षे राबून घर उभे करावे आणि जमिनीच्या मालकाने भाडेपट्ट्याच्या अटी मध्येच बदलाव्यात! काही मोबाईल खेळांच्या निर्मात्यांनी तर त्या कंपनीमार्फत येणाऱ्या जाहिराती आपल्या खेळांतून बंद केल्या. याला आमच्या भाषेत काय म्हणतात, ते सांगायला नको. दहा दिवसांत कंपनीने बऱ्याच अटी सैल केल्या, आणि सप्टेंबर २०२४ मध्ये ती आकारणी पुरती रद्द झाली.

याच सुमारास पुष्कळांची नजर गोदो या इंजिनाकडे वळली. नाव बेकेटच्या नाटकावरून घेतलेले; नाटकातला गोदो काही येत नाही, हा मात्र आला. हुआन लिनिएत्स्की आणि आरिएल मान्झुर या दोघा अर्जेंटिनावासीयांनी तो घडवला आणि २०१४ साली त्याचे मूळ लिखाण सर्वांना खुले केले. वापरा, बदला, त्यावर रचलेला खेळ विका. कुणाला दमडी देणे नाही. २०२३ साली आलेल्या चौथ्या आवृत्तीपासून त्यात देवनागरी जोडाक्षरेही नीट उमटतात, तेव्हा मराठी खेळ रचू पाहणाऱ्यास ते विशेष सोयीचे. ब्लेंडर या त्रिमितीय चित्रांच्या हत्याराची कथा तर आम्हांला फारच प्रिय. २००२ साली त्यामागची कंपनी बुडाली, तेव्हा टॉन रोझेनडाल यांनी लोकांकडून एक लाख युरो वर्गणी जमवून ते सोडवून घेतले आणि सार्वजनिक केले.

लहान हत्यारेही हाताशी असावीत. टाइल्ड हे नकाशे मांडायला. खटका, उडी, स्फोट यांचे आवाज काढायला एसएफएक्सआर. २००७ साली अठ्ठेचाळीस तासांत खेळ रचण्याच्या एका स्पर्धेतल्या गड्यांसाठी ते बनवले गेले. पिको-८ विकत घ्यावे लागते, पण त्यात १२८ गुणिले १२८ ठिपके आणि सोळाच रंग. नवख्याला एवढे कुंपण हिताचेच असते. रोजच्या कामाच्या प्रती गिटमध्ये ठेवाव्यात, म्हणजे काल चालणारे आज का मोडले याचा माग लागतो. एक प्रत दुसऱ्या यंत्रावरही हवी. दुसऱ्याचे चित्र वा सूर घेताना परवाना वाचावा, आणि नाव द्यावेच. श्रम कुणाचे ते लपवू नये.

पहिला खेळ एका पडद्याचा असावा. चित्रे मागाहून, आधी साधे चौकोन हलवून गंमत येते का ते पाहावे. मग तो घरातल्या कुणाच्या तरी हाती द्यावा आणि मागे उभे राहून तोंड बंद ठेवावे. “तिथे नव्हे, इकडे!” असे सांगायला जीभ वळवळेल. खेळणारा जिथे अडतो ती जागा कागदावर टिपावी, आणि त्या रात्री तेवढीच दुरुस्त करावी.