मूत्राशयाचा दुय्यम कर्करोग : मुळाचा शोध महत्त्वाचा



लघवीतून रक्त गेले की ‘अंगात उष्णता वाढली’ असे म्हणून धणे-जिऱ्याचे पाणी घेण्याची रीत खेड्यांत आणि शहरांतही आढळते. रक्त एक-दोन दिवसांत थांबते, वेदना नसते, आणि मग त्या गोष्टीचा विसर पडतो. हा विसर घातक ठरू शकतो.

मूत्राशयातील बहुतेक कर्कगाठी त्याच्या स्वतःच्या अस्तरातून उद्भवतात. काही कर्करोग मात्र अन्यत्र उगम पावून तेथे पोचतात. त्यांना दुय्यम कर्करोग म्हणतात. लंडनमध्ये झालेला अशा २८२ रुग्णांचा अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. शस्त्रक्रियेच्या नमुन्यांतील मूत्राशयाच्या कर्कगाठींत त्यांचे प्रमाण सुमारे २ टक्के होते. मोठे आतडे, पुरुषांतील प्रोस्टेट ग्रंथी, गुदाशय आणि स्त्रियांतील गर्भाशयमुख ही त्यांची प्रमुख उगमस्थाने होत. हे अवयव मूत्राशयाचे निकटचे शेजारी असल्याने रोग थेट भिंत ओलांडतो. जठर, त्वचा, फुप्फुस किंवा स्तन यांतील रोगपेशी क्वचित रक्तावाटे वा लसिकेवाटे तेथवर येतात.

उगम कोठला, यावर उपचार ठरतात. प्रोस्टेटच्या रोगावर संप्रेरकांचे उपचार लागू पडतात. गर्भाशयमुखाच्या रोगात किरणोपचार आणि औषधे यांना महत्त्व असते. म्हणून दुर्बिणीने मूत्राशय पाहून गाठीचा तुकडा तपासावा लागतो. रुग्णाने पूर्वी झालेला कर्करोग आणि घेतलेले उपचार डॉक्टरांना अवश्य सांगावेत. जुने कागद जपून ठेवावेत. ओटीपोटावरील किरणोपचारानंतर केवळ त्या उपचारांच्या परिणामानेही लघवीतून रक्त जाऊ शकते. रक्त दिसले म्हणजे कर्करोगच, असे नव्हे. परंतु निदान घरी होत नाही.

गर्भाशयमुखाचा रोग मूत्राशयाच्या अस्तरात शिरला म्हणजे तो चौथ्या अवस्थेत गेला, असे मानले जाते. क्वचित दोन अवयवांमध्ये छिद्र पडून लघवी सतत झिरपू लागते. संकोचाने घरच्या माणसांपासूनही दुखणे लपविणाऱ्या स्त्रीची ही यातना शब्दांपलीकडची असते.

ती टाळता येते, याची साक्ष महाराष्ट्रातच मिळाली आहे. तत्कालीन उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात, ३० ते ५९ वर्षे वयाच्या १ लाख ३१ हजारांहून अधिक स्त्रियांचा अभ्यास १९९९ मध्ये सुरू झाला. बार्शीचे नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय आणि मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय त्यात सहभागी होते. २००९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले : ज्या गटाला एचपीव्ही विषाणूची तपासणी एकदाच देऊ केली, त्या गटात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळजवळ निम्म्याने घटले.

केंद्र शासनाच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांत ३० ते ६५ वयाच्या स्त्रियांची दर ५ वर्षांनी तपासणी सांगितली आहे. ९ ते १४ वर्षांच्या मुलींना एचपीव्ही प्रतिबंधक लस द्यावी, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे.

येथे ग्रामपंचायत सदस्यांचे आणि शिक्षकांचे कार्य सुरू होते. तपासणी शिबिराची दवंडी सर्वत्र पोचावी, महिला सदस्यांनी स्वतः प्रथम तपासून घ्यावे, शिक्षकांनी मातापालक मेळाव्यात हा विषय निःसंकोच मांडावा. लघवीतील रक्त एकदाच दिसले तरी प्राथमिक आरोग्य केंद्र गाठावे, हे प्रत्येक घरी माहीत झाले, तर अनेक संसार वाचतील.