ताटातली भाकर आणि पेटीतला कागद



आज आपण आपल्या ताटापासून सुरुवात करू. तुम्ही आता घरी जेवून वर्गाला आलात. ताटात काय होते? कुणाकडे ज्वारीची भाकर, कुणाकडे मक्याची. सोबत मिरचीचा ठेचा, त्यात थोडे भुईमुगाचे दाणे. कुणाकडे तुरीची डाळ. आपण म्हणतो, हे आपले जेवण. वाडवडिलांपासून चालत आलेले.

आता गंमत ऐका. ज्वारी मूळची आफ्रिकेतली. ती काही हजार वर्षांपूर्वी इकडे आली. मका, मिरची आणि भुईमूग ही तिन्ही पिके अमेरिकेतली. समुद्रापलीकडची! सहाशे वर्षांपूर्वी आपल्या देशात मिरची कुणी पाहिलीही नव्हती. जेवण तिखट करायला काळी मिरी होती. १४९८ साली पोर्तुगीज लोकांची जहाजे आपल्या किनाऱ्याला लागली. त्यांच्या व्यापारामागून मिरची आली. आज नंदुरबारच्या पथाऱ्यांवर लाल मिरची वाळत पडते, तेव्हा ती परदेशी आहे असे कुणाच्या मनात तरी येते का? तूर मात्र आपल्या देशातलीच, बरं का.

मग परक्या वस्तू आपल्या कशा झाल्या? समाज असाच घडतो, मंडळी. तो तीन वाटांनी घडतो. पहिली वाट बाजाराची. दुसरी नांगराची. तिसरी तलवारीची. आपल्या तापीकाठाने या तिन्ही वाटा पाहिल्या आहेत.

आधी नांगराची वाट पाहू. ती सगळ्यांत जुनी. शहादे तालुक्यात प्रकाशे गाव आहे. तिथे तापी आणि गोमाई यांचा संगम आहे. १९५४ साली सरकारच्या पुरातत्त्व खात्याने तिथे खोदकाम सुरू केले. मातीखाली रंगवलेली मडकी निघाली, दगडाची धारदार पाती निघाली, तांब्याच्या वस्तू निघाल्या. तीन हजार वर्षांपेक्षाही जुनी वस्ती ती! माणसे तिथेच का राहिली? नदीचे पाणी होते, काळी जमीन होती. जिथे पीक येते तिथे माणूस थांबतो. थांबला की घर बांधतो. घरे झाली की गाव होते. गाव झाले की देव येतो, सण येतो. सातपुड्यातली माणसे याहामोगी मातेला धान्य वाहतात. पीक हेच पोट, म्हणून पिकाची देवता मोठी.

आता बाजाराची वाट. पूर्वी सुरत हे मोठे बंदर होते आणि बऱ्हाणपूर ही मोठी पेठ. दोन्हींच्या मधल्या रस्त्यावर नवापूर आणि नंदुरबार. बैलांचे तांडे या रस्त्याने माल नेत. साडेतीनशे वर्षांपूर्वी तावेर्निए नावाचा फ्रान्स देशाचा जवाहिऱ्या इथून गेला. त्याने प्रवासाचे पुस्तक लिहिले. त्यात नवापूरच्या तांदळाची तारीफ आहे. तो लिहितो की दाणा बारीक, शिजला की बर्फासारखा पांढरा आणि कस्तुरीसारखा वास. हा तांदूळ इराणात भेट म्हणून नेत असत. पाहा, आपल्या शेतकऱ्याचा तांदूळ कुठवर गेला!

बाजारात नुसता माल येत नाही. शब्द येतात, चाली येतात. आपल्या जिल्ह्यात किती बोली आहेत! भिली, मावची, पावरी, देहवाली, कोकणी, अहिराणी, गुजरी. अहिराणीत गुजरातीचे शब्द सापडतात. हाटात मीठ घ्यायचे आणि डिंक विकायचा, तर समोरच्याची बोली थोडी तरी यायला हवी. सारंगखेड्याला दत्ताची यात्रा भरते, तिथे घोड्यांचा बाजारही भरतो. देव आणि बाजार एकाच मैदानात. दोन्हींमुळे माणसे एकत्र येतात.

आता तिसरी वाट, तलवारीची. खानदेशावर आधी फारुकी राजे होते. १६०१ साली अकबर बादशहाने असीरगड घेतला आणि खानदेश मोगलांचा झाला. पुढे मराठ्यांचे राज्य आले. १८१८ साली पेशवाई बुडाली आणि इंग्रजांचा अंमल सुरू झाला. डोंगरातल्या भिल्लांनी इंग्रजांना सुखाने बसू दिले नाही. मग १८२५ साली इंग्रजांनी भिल्लांचीच पलटण उभी केली.

पण राजा बदलला म्हणून गरिबाच्या घरात काय बदलते? इंग्रजांच्या राज्यात पुष्कळ बदलले. त्यांचा जोर तलवारीपेक्षा कागदावर जास्त होता. जमीन मोजली. कागदावर नाव चढवले. सारा रोख पैशात मागितला, ठरल्या तारखेला. १८७८ साली जंगलाचा कायदा केला. ज्या रानात बापजाद्यांनी नागली पिकवली, तिथे लाकूड तोडणेसुद्धा गुन्हा ठरले.

रोख पैसा हवा, म्हणून विकाऊ पीक हवे. ते पीक म्हणजे कापूस. १८६१ साली अमेरिकेत त्यांच्या त्यांच्यातच लढाई जुंपली. तिकडचा कापूस विलायतेच्या गिरण्यांना मिळेना. खानदेशच्या कापसाला सोन्याचा भाव आला. १८६५ साली लढाई थांबली आणि भाव उतरले. लढाई कुठे, आणि फटका कुणाला! भाव उतरला तरी सारा चुकत नव्हता. मग सावकार, मग कर्ज, मग कागद. कागदाखाली अंगठा.

तिन्ही वाटा त्या अंगठ्यापाशी येऊन मिळाल्या. जमीन नांगराची, कर्ज बाजाराचे, कायदा राज्यकर्त्याचा. पुष्कळ आदिवासींच्या जमिनी अशाच गेल्या. मालक होता तो आपल्याच शेतात सालदार झाला.

मी एक पाहिलेली गोष्ट सांगतो. मी शाळेत नवा लागलो होतो. एक गृहस्थ पत्र्याची पेटी घेऊन माझ्याकडे आला. पेटीत एक जुना पिवळा कागद होता. म्हणाला, "गुरुजी, आजाने शेत गहाण ठेवलं होतं. मी पैसे जमवलेत. कितीला सोडवायचं, तेवढं वाचून सांगा." मी कागद वाचला. पुन्हा वाचला. तो गहाणाचा कागद नव्हताच. ते खरेदीखत होते. शेत विकले गेले होते. तीन पिढ्या ते कुटुंब त्या कागदाला हळदकुंकू लावत होते, आणि आत काय लिहिले आहे ते कुणालाच ठाऊक नव्हते. व्यवहार इतका जुना होता की शेत परत मिळाले नाही. तो काही बोलला नाही. कागदाची घडी घातली आणि उठला. दुसऱ्या दिवशी मात्र मुलाचे नाव शाळेत घालायला आला. मुलीलाही घेऊन आला.

पण सगळेच गमावले असे नाही. १९७० नंतर शहादे भागात आदिवासी मजूर एकत्र आले. अंबरसिंग सुरतवंती, ज्यांना लोक अंबरसिंग महाराज म्हणत, ते भजने गात गावोगाव फिरले. १९७२ साली श्रमिक संघटना उभी राहिली. गेलेल्या जमिनींचे कागद लोक शोधू लागले. १९७४ साली आदिवासींच्या जमिनी परत देण्याचा कायदा झाला. २००६ साली वनहक्काचा कायदा झाला. ज्या कागदाने जमीन नेली, त्याच कागदाचा आधार घेऊन लोक उभे राहिले.

तेव्हा मंडळी, बाजार येणारच. नवे पीक, नवे बियाणे येणारच. त्यांना भिऊ नका. परकी मिरची आपण आपली केली, तशी अक्षरेही आपली करा. तीही एके काळी परकी वाटत होती ना?

आज घरी गेलात की एक काम करा. पेटीतला सातबारा काढा, वनपट्टा असेल तर तोही काढा. दिव्यापाशी बसा. बोट ठेवून एकेक अक्षर वाचा. नाव कुणाचे आहे? क्षेत्र किती आहे? बोजा कुणाचा लिहिला आहे? घरातल्या बाईलाही वाचून दाखवा, तिला येत असेल तर तिच्याकडून वाचून घ्या. अडेल ते उद्या वर्गात घेऊन या. आपण मिळून वाचू.