कमानींखालचें नगर

परदेशांत नगरदर्शनास निघालेल्या प्रवाशाला सर्वांत मोठी धास्ती पावसाची असते. मुक्काम एका दिवसाचा, पाहण्याच्या स्थळांची यादी लांबलचक, आणि सकाळीं खिडकी उघडावी तों आभाळ काळेंकुट्ट! अशा वेळीं पुष्कळ मंडळी हॉटेलांत चहा पीत हवामानाला दोष देत बसतात. इटलींतील बोलोन्या नगराची गोष्ट मात्र निराळी आहे. त्या नगराचें खरें वैशिष्ट्य पावसांतच ध्यानांत येतें. बिनतारी संदेशविद्येमुळें जगप्रसिद्ध झालेल्या मार्कोनींचा जन्म 1874 सालीं याच नगरांत झाला. तेव्हां नभोवाणीच्या श्रोत्यांचें त्याच्याशीं थोडें नातेंही आहेच.

2024 सालच्या मार्च महिन्यांत एक वयस्क मराठी दांपत्य तेथें एका दिवसासाठीं उतरलें होतें. गृहस्थ भूमापन खात्यांतून निवृत्त झालेले. आयुष्यभर त्यांनीं शेतांच्या हद्दी मोजल्या, आणि वीतभर जागेवरून सख्खे भाऊ कचेरीच्या पायऱ्या झिजवितांना पाहिले. बोलोन्यास येण्याचा हट्ट त्यांचाच होता, आणि तो एका रेषेसाठीं. तेथील सान पेत्रोनिओच्या भव्य प्रार्थनामंदिरांत फरशीवर सुमारें 67 मीटर लांबीची एक मध्यान्हरेषा आहे. ज्योतिर्विद कॅसिनी यांनीं ती 1655 सालीं आंखली. छतांत एक लहानसें छिद्र असून त्यांतून आलेलें सूर्याचें बिंब स्थानिक मध्यान्हीं बरोबर त्या रेषेवर पडतें. उन्हाळ्यांत छिद्राच्या जवळ, हिवाळ्यांत दूर. वसंतसंपात केव्हां होतो, हें त्यावरून ताडून पाहतां येई. बिंबाची रुंदी मोजून सूर्याचें अंतर केव्हां कमी व केव्हां अधिक असतें, याचीही कॅसिनींनीं परीक्षा केली. तें बिंब एकदां डोळ्यांनीं पाहावें आणि त्याचें माप वहींत टिपावें, ही गृहस्थांची तरुणपणापासूनची इच्छा होती.

मध्यान्ह झाली. बाहेर संततधार, आंत अंधार. रेषा होती, पण बिंबाचा पत्ता नव्हता. गृहस्थ बराच वेळ छताकडे पाहत उभे राहिले. संध्याकाळच्या गाडीचीं तिकिटें काढलेलीं. दुसरा दिवस मिळणें नव्हतें.

"चल, स्टेशनावर जाऊन बसूं," ते म्हणाले. "सूर्यच नाहीं, तर पाहावयाचें काय?"

"अहो, उन्हाचा आपल्याकडे काय तोटा आहे?" पत्नी म्हणाल्या. "इथें जें आहे तें तरी पाहूं."

मंदिराच्या शेजारींच आर्किजिन्नासिओ ही विद्यापीठाची जुनी वास्तु आहे. विद्यापीठाचा आरंभ परंपरेनें 1088 सालीं मानतात. ही वास्तु 1563 सालची. भिंतींवर विद्यार्थ्यांचीं हजारों कुलचिन्हें रंगविलेलीं आहेत. आंत शरीरशास्त्राच्या पाठासाठीं बांधलेलें लाकडी सभागृह आहे. मधोमध संगमरवरी मेज आणि सभोंवार चढत्या बैठका. 1944 च्या जानेवारींत बॉम्बवर्षावानें तें उद्ध्वस्त झालें. युद्धानंतर ढिगाऱ्यांतून मूळचे तुकडे वेंचून काढून तें पुन्हां उभारण्यांत आलें.

तेथून दोघें प्रसिद्ध जोडमनोऱ्यांकडे गेलीं. उंच मनोरा सुमारें 97 मीटरांचा, ठेंगणा 48 मीटरांचा. ठेंगण्याचा कल धोक्याचा वाटूं लागल्यामुळें 2023 च्या ऑक्टोबरांत भोंवतालची जागा बंद झाली होती. यादींतील हेंही स्थळ हुकलें. पण दोघांत मिळून असलेली एकुलती एक छत्री अद्याप मिटलेलीच होती, हें पत्नींच्या ध्यानांत आलें. रस्त्याच्या दोन्ही अंगांस घरांचे वरचे मजले खांबांवर पुढें आलेले, आणि त्यांच्याखालीं कमानींचा सलग मार्ग.

"ही तर आपली पडवीच!" त्या म्हणाल्या.

"पडवी खरी, पण ही जागा कोणाची? घरमालकाची कीं नगराची?" भूमापकाच्या तोंडीं दुसरा कोणता प्रश्न येणार?

त्याचें उत्तर मोठें मनोरंजक आहे. मध्ययुगांत विद्यापीठामुळें व व्यापारउदिमामुळें वस्ती वाढली, जागा अपुरी पडूं लागली. लोकांनीं वरचे मजले रस्त्यावर पुढें काढले आणि त्यांना लांकडी खांबांचा आधार दिला. दुसऱ्या एखाद्या नगरानें हें अतिक्रमण म्हणून पाडलें असतें. बोलोन्यानें 1288 सालीं उलट नियम केला: नवें घर बांधणारानें पुढें असा छतमार्ग ठेवावा, आणि जुना असेल त्यानें तो राखावा. वरची खोली मालकाची, खालच्या मार्गाची डागडुजी मालकाकडे. पण तेथून जाण्यायेण्याचा हक्क सर्वांचा. 1568 सालीं लांकडी खांब काढून विटांचे वा दगडाचे घालण्याचा हुकूम निघाला. तरी स्त्रादा माज्जोरे या रस्त्यावर इझोलानी वाड्याचे उंचच उंच लांकडी खांब अजून उभे आहेत. नगरांतील सर्व छतमार्गांची लांबी 62 किलोमीटर भरते, आणि 2021 सालीं युनेस्कोनें त्यांची जागतिक वारशांत गणना केली.

पत्नींनीं मार्गदर्शिकेंतून हें वाचून दाखविलें तेव्हां गृहस्थ त्या वाड्याच्या एका खांबाला हात लावून उभे होते. "हद्दीचा तंटा असाही मिटवितां येतो," ते म्हणाले, "हें आमच्या खात्यांत कोणाला सुचलें नाहीं."

स्टेशनाची गोष्ट त्यांनीं मग काढली नाहीं. दुपारीं दोघें सारागोझ्झा वेशीपाशीं आलीं. तेथून टेंकडीवरील सान लूकाच्या मंदिरापर्यंत सुमारें 3.8 किलोमीटर लांबीचा छतमार्ग जातो. त्याच्या कमानी 666. त्याचा पावसाशीं संबंध जुना आहे. 1433 सालीं अतिवृष्टीनें पिकें नासूं लागलीं, तेव्हां टेंकडीवरील मेरीमातेचें चित्र मिरवीत नगरांत आणलें आणि पाऊस थांबला, अशी तेथील लोकांची श्रद्धा आहे. पुढें हें चित्र प्रतिवर्षीं खालीं आणण्याचा प्रघात पडला. त्या मार्गावर छाया असावी म्हणून 1674 सालीं बांधकामास आरंभ झाला, व नगरवासियांनीं त्यासाठीं वर्गणी दिली.

गृहस्थ कमानी मोजीत चालले. चढ लागल्यावर पत्नींचे गुडघे दुखूं लागले, तेव्हां ते थांबून म्हणाले, "पुरे, परत फिरूं."

"आणि आंकडा अर्धा ठेवून गेलांत तर रात्रभर झोंप लागायची नाहीं तुम्हांला," त्या म्हणाल्या, आणि घटकाभर पायरीवर बसून पुन्हां उठल्या.

वर पोहोंचलीं तेव्हां खालचें नगर ढगांत बुडालेलें होतें. दिसण्यासारखें कांहींच नव्हतें. गृहस्थांची मोजणी 661 वर संपली होती.

"पांच कुठें गेल्या?" पत्नींनीं विचारलें.

"तुझ्याशीं बोलण्यांत."

आपल्याकडील पावसाळ्यांत दुकानाच्या छपराखालीं अनोळखी माणसांसमवेत कोण उभें राहिलें नाहीं? तें छप्पर मालकाच्या कृपेचें असतें. बोलोन्यानें त्याचा हक्क केला आणि तो सातशें वर्षांहून अधिक काळ चालविला. तेथें पाऊस आला म्हणून श्रीमंताला व हमालाला निराळे रस्ते धरावे लागत नाहींत.

संध्याकाळीं गाडी सुटल्यावर गृहस्थांनीं वही काढली. सूर्यबिंबाच्या रुंदीसाठीं आंखलेला रकाना तसाच कोरा राहिला. त्याच्याखालीं त्यांनीं लिहिलें: कमानी 661, सौभाग्यवतींच्या पुस्तकाप्रमाणें 666. वहिवाट सर्वांची.